पुण्याहून गाडीने मेळघाट, सातपुडा, कान्हा, पेंच, ताडोबा: जाऊन आलेल्यांना काय आठवतं?

सिंहगडरोडकर:
नमस्कार. स्वतःची गाडी घेऊन मेळघाट, सातपुडा, कान्हा, पेंच आणि परतताना ताडोबा असा मोठा फेरा मारायचं घरात चाललंय. मी, बायको, पाचवीतली लेक आणि बाबा. बाबांनी सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, पण जंगल म्हटलं की सगळ्यांच्या आधी त्यांची बॅग तयार. मुक्कामाची ठिकाणं, अंतरं नेटवर मिळतात. मला विचारायचंय ते असं, की जाऊन आल्यावर तुमच्या मनात काय राहिलं? पुन्हा निघालात तर कुठे जास्त थांबाल आणि काय सरळ गाळाल? दिवाळी बरी की मार्च?

पानगळ:
आम्ही होळी झाल्यावर निघालो होतो. मी, नवरा आणि सासूबाई. गाडी दोघांनी आलटूनपालटून चालवली. आजही आमच्याकडे विषय निघतो तो उद्यानांइतकाच मधल्या रस्त्यांचा. विमानाने नागपूर गाठलंत तर हे रस्ते हुकतील.

परतवाड्यावरून घाट चढलात की सगळा साग. मार्चात तो पार उघडा पडलेला असतो, खाली चुरचुरणारा पाचोळा आणि मधेच फुललेला पळस. हाच साग पुढे बैतूल, सोहागपूर, छिंदवाड्याकडेही भेटत राहतो. मग मंडल्याहून कान्ह्याकडे वळलो आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, इथे पाऊस पडून गेला की काय?" पाऊस नव्हता, सालाचं जंगल सुरू झालं होतं. साल सागासारखा पूर्ण उघडा होत नाही. जुनी पानं पडत असतानाच नवी पालवी येते, त्यामुळे भर उन्हाळ्याच्या तोंडावर सगळं कोवळं हिरवं. सागाचा मुलूख संपून सालाचा सुरू होतो तो असा, गाडीच्या काचेतून. लेकीला हे नक्की दाखवा.

कान्ह्यात वाघ दिसला, छान दिसला. पण मला विचाराल तर कान्हा बाराशिंग्यासाठी बघावं. कडक जमिनीवर राहणारा हा बाराशिंगा १९७० मध्ये अवघा ६६ वर आला होता. कुंपण घालून त्यांची वीण सांभाळली, गावं बाहेर हलवून मोकळी कुरणं मिळवली. आता त्यातले काही सातपुड्यात नेऊन सोडण्याइतके ते वाढलेत. आम्ही पाहिला तो नर पोटापर्यंत पाण्यात उभा होता. मान बुडवायचा, तोंडभर पाणवनस्पती घेऊन वर यायचा, शिंगांवरून पाणी निथळायचं आणि तो शांतपणे चघळत राहायचा. आमच्या मागून दोन जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, वाघाच्या कॉलवर (वाघ जवळ असल्याचा इतर जनावरांचा इशारा) सुसाट गेल्या. आमच्या गाइडने विचारलं, निघायचं का? आम्ही नको म्हटलं. श्रवणताल पण बघा. दशरथाचा बाण श्रवणबाळाला लागला तो हाच तलाव, असं तिथले लोक मानतात. सासूबाई तिथून हलायला तयार नव्हत्या.

जास्त थांबायचं तर सातपुड्यात. मढईला नावेने देनवा नदी ओलांडून आत जायचं, आणि तिथे गाइडबरोबर पायीसुद्धा फिरू देतात. जिप्सीतून झाड नुसतं मागे पडतं, पायी गेलं की त्याला हात लावता येतो. ऐनाच्या झाडाची साल मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिली: मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले, भेगांमध्ये मुंग्यांची ये-जा. गाइड त्याला साजा म्हणत होता. गोंड लोक या झाडात देव मानतात. पुढे जाण्याआधी त्यानेही खोडाला हात लावून नमस्कार केला.

मेळघाटात वाघ दिसेल ही आशा धरू नका, तरी ते गाळूही नका. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं ते एक आहे. कोलकासला सिपना नदीकाठी संध्याकाळ काढा, चिखलदऱ्याला रबडी खा. वेळ कमी पडला तर पेंच आणि ताडोबा यांतलं एकच ठेवा, हे माझं स्पष्ट मत.

गिअरबॉक्स:
पेंचमध्ये सफारी केली नाही तरी मनसर ते खवासा रस्ता दिवसाउजेडी करा. नागपूर-सिवनी महामार्ग तिथे जंगलातून जातो आणि जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतलाय. सगळ्यात लांब भाग ७५० मीटरचा. बाजूला उंच भिंती आहेत, उजेड आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून. वरून ट्रक चाललेत आणि खालून वाघ, रानकुत्री जातात, याचे कॅमेऱ्यातले फोटो आहेत. प्रत्येक नव्या रस्त्याला हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बाबांसाठी: जिप्सीत मागची सीट उंच, दिसतं छान, पण सगळे दणके तिथेच बसतात. त्यांना मधल्या रांगेत बसवा आणि कमरेमागे छोटी उशी द्या.

हिंजवडीतला_चांदेकर:
मी मूळ चंद्रपूरचा, त्यामुळे पानगळताई, ताडोबाही गाळता येईल असं म्हणालात ते पटलं नाही. १९५५ पासूनचं हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथे फक्त वाघ नाही. मोहर्लीकडून तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब दिसतात, वरच्या बाजूला भोक पाडलेले. त्यातून दोर ओवून घंटा वाजवत निरोप पुढे जायचा, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. सगळ्या जिप्सी तिथून भरधाव जातात. गाइडला आधीच सांगून ठेवा, एका खांबापाशी वेग कमी करायला.

मंगळवारी ताडोबा बंद असतं आणि मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची फेरी नसते. तारखा त्याप्रमाणे लावा. दिवाळीत गवत उंच असतं, जनावर दहा फुटांवर असलं तरी दिसत नाही. मार्चच घ्या.

पानगळ:
चांदेकर, खांबांचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मग ताडोबा ठेवा आणि पेंचची सफारी सोडा, महामार्गावरून जाताना पेंच दिसेलच.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. मार्च नक्की झाला, पेंचची सफारी सोडली, सातपुड्यात एक मुक्काम वाढवला. लेकीची परीक्षा संपली की निघू. एकच शंका: मढईला नावेत चढताना गुडघ्यांना त्रास होईल का?

पानगळ:
पाणी किती आहे त्यावर काठाचा उतार ठरतो. आम्ही गेलो तेव्हा थोडं उतरून जावं लागलं होतं. नाववाल्यांनी सासूबाईंना दोन्ही हात देऊन नीट चढवलं. बाबांची काठी बरोबर घ्या आणि पहाटेच्या फेरीला थोडं लवकर पोहोचा, म्हणजे घाई होणार नाही.