छोट्या हॉलमध्ये नाटक करायचंय: जागा, संहिता, लाइट याबद्दल सल्ला हवा

तिसरी_घंटा:
आम्ही सात-आठ जण नोकऱ्या सांभाळून नाटक करतो. स्पर्धेसाठी नाही, धंद्यासाठी तर नाहीच. एका वाचनालयाचा हॉल संध्याकाळी मिळतोय. लांबट खोली, छत जेमतेम १० फूट, स्टेज नाही, विंगा नाहीत. पन्नासेक माणसं बसतील. आमच्यातला एक म्हणतो, भाड्याने लेव्हल्स (जोडून स्टेज करायचे चौथरे) आणून छोटं स्टेज करू, मागे काळा पडदा लावू. दुसरी म्हणते, एवढं करायचं तर सरळ थिएटरच घ्या की! संहिता अजून ठरलेली नाही. अशा जागेत कोणी प्रयोग केलेत का? नाटक कसं निवडलंत, लाइटचं काय केलंत, तिकीट लावावं का?

पडद्यामागची:
लेव्हल्स नकोत, इतपत दुसरीचं ऐका; हॉल मात्र सोडू नका. दीड फुटाची लेव्हल टाकलीत की नटाच्या डोक्यावर जेमतेम तीन फूट उरतात, आणि दिवे नेमके तिथेच लटकणार. स्टेज उचलण्यापेक्षा प्रेक्षक उचला. खोली लांबट आहे ना, मग दोन्ही लांब भिंतींना लागून समोरासमोर प्रेक्षक बसवा आणि मधल्या पट्ट्यात खेळा. पुढची ओळ सतरंजीवर, मागची खुर्च्यांवर. दोनच ओळी झाल्या की मुंडक्यांचा प्रश्न मिटतो. पारंपरिक मांडणीत सहा-सात ओळी होतील, आणि नट जमिनीवर बसला की तिसऱ्या ओळीनंतर तो कोणालाच दिसणार नाही. जमिनीवर पडून मरणारी पात्रं तर विसराच.

या मांडणीत नट कायम कोणाकडे तरी पाठ करूनच उभा असतो. त्याची धास्ती घेऊ नका, फक्त एकाच जागी खिळून राहू नका. दोघं बोलत असतील तर पट्ट्याच्या दोन टोकांना, थोडं तिरकं उभं करा. तालमीला दिग्दर्शकाने दर वेळी वेगळ्या खुर्चीवर बसायचं, नाहीतर नाटक नकळत त्याच्या एकट्याच्या खुर्चीसाठी बसतं.

कोपऱ्यातला_स्पॉट:
लाइटचं मी सांगतो. आधी प्लग कुठल्या सर्किटवर आहेत ते बघा. २३० व्होल्टवर १६ अँपियरचं सर्किट म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. हजार वॅटचे तीन हॅलोजन पार (डब्यासारखे स्टेजचे दिवे) लावलेत की संपलं, त्यात पंखे त्याच लाइनवर असले तर बोंबला. एलईडी पार घ्या. कमी वीज खातात, फारसे तापत नाहीत, आणि बुटक्या छताखाली ते महत्त्वाचं.

दिवा नटाच्या चेहऱ्यावर साधारण ४५ अंशांतून यावा असं शिकवतात. १० फुटांत तो कोन नीट मिळत नाही. अगदी डोक्यावरून मारलात तर डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात, आणि समोरून सपाट मारलात तर समोरासमोर बसलेल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडून, कोपऱ्यांतून तिरके मारा. आणि ब्लॅकआउटचा नाद सोडा. दाराच्या फटीतून उजेड येतोच, मग अर्धवट अंधारात टेबल सरकवणारे नट बघून लोक हसतात. उजेडातच, पात्रांनीच वस्तू हलवाव्यात.

अर्धविराम:
लाइट हवेतच कशाला? बंगाली नाटककार बादल सरकारांनी ७०च्या दशकात प्रोसेनियम (चौकटीतला, पडद्याचा रंगमंच) सोडला तो याचसाठी. नट आणि प्रेक्षक एका पातळीवर, एकाच उजेडात, सेट नाही, माइक नाही. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीही तेच म्हणाला: वेशभूषा, नेपथ्य, प्रकाश सगळं काढून टाका, नट आणि प्रेक्षक यांच्यातलं नातं उरलं की नाटक उरतं. ट्यूबलाइट लावा आणि सुरू करा.

जुनी_संहिता:
अर्धविराम, म्हणणं पटतं, पण अर्धंच. ग्रोटोव्स्कीची 'गरीब रंगभूमी' पैशाने स्वस्त, वेळेने प्रचंड महाग. त्याचे नट वर्षानुवर्षं रोज शरीर आणि आवाजावर काम करायचे. ऑफिस सुटल्यावर दोन तास भेटणाऱ्या माणसांनी सगळं काढून टाकलं तर उरतं ते नुसतं पाठांतर. चार दिवे असू द्या.

तिसरी_घंटा, तुम्ही संहिता शेवटी ठेवलीय तेच बरं. दादरच्या छबिलदास शाळेतल्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रयोग केले, त्या जवळिकीत जे चाललं ते मोठ्या थिएटरात नेल्यावर तसंच्या तसं चालतंच असं नाही. उलटंही खरं: दिवाणखान्याचं तीन अंकी नाटक कापून इथे बसवू नका, सोफा ठेवायचा कुठे इथपासून रडगाणं सुरू होईल. दोन-तीन पात्रं, एकच जागा, सलग वेळ, तासाभराचा मामला. समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असताना पुटपुटलेलं वाक्यही पोचतं, तर त्याचा फायदा घेणारं लिखाण शोधा. उरलेल्या चार-पाच जणांना भूमिका नाही म्हणून रुसवे होतील, त्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

लेखकाची परवानगी लेखी घ्या. अनुवाद असेल तर मूळ लेखकाची आणि अनुवादकाचीही. "आम्ही तिकीट लावत नाही" ही परवानगी नव्हे.

पडद्यामागची:
तिकिटाबद्दल: फुकट ठेवलंत तर नाव नोंदवणारे निम्मे येत नाहीत, हा माझा अनुभव. नाममात्र तिकीट ठेवा, किंवा बाहेर पडताना ऐच्छिक पैशांसाठी डबा. आणि प्रयोगानंतरच्या गप्पांना कृपा करून 'फोरम थिएटर' म्हणू नका. ब्राझीलचा दिग्दर्शक ऑगस्तो बोआल याच्या फोरममध्ये प्रेक्षक प्रसंग थांबवतो, दबलेल्या पात्राच्या जागी स्वतः येतो आणि वेगळं काही करून बघतो. त्यासाठी नाटकच तसं बांधावं लागतं, नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये सूत्रं सांभाळणारा 'जोकर' लागतो.

तिसरी_घंटा:
लेव्हल्स रद्द! समोरासमोरची मांडणी उद्या खडूने आखून बघतो. एक अडचण: हॉलला दार एकच. नटांची एन्ट्री आणि उशिरा येणारे, दोन्ही तिथूनच.

कोपऱ्यातला_स्पॉट:
मग दारातून एन्ट्रीच ठेवू नका. प्रेक्षक आत येतात तेव्हापासून सगळे नट खोलीतच, आपापल्या खुर्चीवर, प्रेक्षकांत. उशिरा येणाऱ्यांसाठी दाराशी चार खुर्च्या मोकळ्या सोडा आणि एक माणूस बसवा. दारापर्यंतची वाट मात्र पूर्ण मोकळी हवी. तिथे वायर नको, स्टँड नको. आग लागली तर पन्नास जण तिथूनच बाहेर पडणार आहेत.