शब्दचर्चा : ब्रिटनमधल्या हिवाळ्याच्या घरगुती वस्तूंना मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

माझे आई-वडील ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मँचेस्टरला आमच्याकडे राहायला येत आहेत. आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो, म्हणून घराची माहिती त्यांच्यासाठी मराठीत लिहून ठेवावी असे ठरवले. परंतु लिहायला बसल्यावर पहिल्याच पानावर अडायला झाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळे एक तास मागे घेतली जातात, डिसेंबरात सूर्य दुपारी ४ च्या आधीच मावळतो, हे सारे मराठीत विनासायास लिहिता आले. मात्र दाराखालून येणाऱ्या ‘ड्राफ्ट’ला काय म्हणावे, तो अडवण्यासाठी दाराशी ठेवायची जी कापडी लांबट गुंडाळी मिळते तिला काय म्हणावे, खिडकीच्या काचांवर सकाळी साचणारे पाणी आणि भिंतीतला ओलावा यांतला फरक कसा दाखवावा, ‘डूव्हे’ म्हणजे रजई, दुलई की गोधडी, हे मला ठरवता येईना. शब्दकोशात ‘संघनन’ सापडले, पण ‘काचांवर संघनन झाल्यास पुसावे’ असे वाक्य माझ्या आईला वाचायला देण्याची माझी तयारी नाही. शिवाय ‘ऑटम’साठी ‘शरद’ वापरावा का, आणि आईला विणकामाची आवड असल्यामुळे लोकर-सुयांच्या खरेदीबाबत काय लिहावे, हेही कृपया सुचवावे.

प्रतिसाद १

आपण नाम शोधत आहात, म्हणून अडचण येते आहे. या बहुतेक गोष्टी मराठी माणूस क्रियापदाने सांगतो. ‘ड्राफ्ट’साठी मराठीत रूढ नाम नाही आणि त्याची गरजही नाही, ‘दाराच्या फटीतून वारा येतो’ आणि ‘तिथे बसू नका, वारा लागेल’ या दोन वाक्यांत विषय संपतो. ‘झोत’ हा शब्द काही जण सुचवतील, परंतु झोताला जोर असतो. ब्रिटनमधल्या जुन्या विटांच्या घरांत पायाच्या घोट्याशी जो बारीक गार वारा सतत लागत राहतो, त्याला झोत म्हटले तर वडील खिडकी उघडी राहिली आहे असे समजून ती शोधत बसतील. दाराशी ठेवायच्या वस्तूला मी ‘दाराचा लोड’ म्हणेन. आकार तोच, भरणही तसेच, आणि लोड म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागणार नाही.

काचांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत ‘काचेवर वाफ धरते’ आणि ‘भिंतीला ओल येते’ असे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत आणि ब्रिटनमध्ये हा भेद व्यवहारातही पाळावा लागतो. वाफ धरते ती घरातल्या हवेतील बाष्पामुळे : स्वयंपाक, अंघोळ, बंद खोलीत वाळत घातलेले कपडे आणि रात्रभराचा श्वास यांचे बाष्प गार काचेला लागले की त्याचे पाणी होते आणि चौकटीत साचते. ओल मात्र बाहेरून येते. गच्च भरलेल्या पन्हळीतून, छपराच्या फुटक्या कौलातून किंवा जमिनीतून भिंतीत चढते. पहिल्यावर उपाय राहणाऱ्याच्या हाती असतो, दुसऱ्यासाठी घरमालकाला कळवावे लागते. भाड्याच्या घरात बुरशी धरली की ती कशामुळे, यावर दोन्ही बाजूंची पत्रापत्री चालते, तेव्हा ‘ओल’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरणे आपल्याच अंगाशी येते. म्हणून आईंसाठी असे लिहावे : ‘सकाळी काचांवर वाफ धरलेली असेल तर फडक्याने पुसून फडके बाहेर पिळावे, स्वयंपाक करताना पंखा लावावा, कपडे वाळत घातलेल्या खोलीचे दार लावून खिडकी थोडी उघडी ठेवावी.’ थंडीत खिडकी उघडायची ही सूचना त्यांना चमत्कारिक वाटेल, म्हणून कारणही लिहावे.

‘डूव्हे’ म्हणजे निःसंशय दुलई. गोधडीत भरण नसते, जुन्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेले असतात. रजई चालेल, पण ती जड असल्याची भावना त्या शब्दाला चिकटलेली आहे आणि डूव्हेचा गुण नेमका हलकेपणात आहे. तिच्यावर चढवतात ती खोळ; ‘अभ्रा’ उशीपुरताच ठेवावा. खरेदी करताना पिशवीवर ‘टॉग’ हा आकडा दिसेल. कापड ऊब किती धरून ठेवते हे मोजणारे हे एकक १९४० च्या दशकात आपल्या मँचेस्टरच्याच शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ठरले. ४.५ टॉगची दुलई उन्हाळ्यासाठी, १०.५ ची मधल्या दिवसांसाठी आणि १३.५ ची कडाक्याच्या थंडीसाठी, असा ढोबळ हिशेब आहे. ४.५ आणि ९ अशा दोन दुलया बंदांनी किंवा गुंड्यांनी एकमेकींना जोडण्याची सोय असलेला संचही मिळतो. वयस्कर माणसांना तो सोयीचा पडतो, कारण नको वाटेल तेव्हा एक काढून ठेवता येते. ‘टॉग’ला प्रतिशब्द घडवू नये. ‘साडेतेरा टॉगची दुलई’ हे उत्तम मराठी आहे.

आपण बॉयलरबद्दल विचारलेले नाही, तरी लिहितो. कपाटात तांब्याची उभी टाकी असेल तर तिला खुशाल ‘बंब’ म्हणावे. लाकडे घालायची नाहीत एवढाच फरक. परंतु भिंतीवरचा कॉम्बी बॉयलर नळ सोडला की तेवढ्यापुरतेच पाणी तापवतो, साठवत नाही. त्याला बंब म्हटले तर वडील पाणी तापायची वाट पाहत थांबतील, किंवा ते संपेल म्हणून काटकसर करतील. तिथे ‘बॉयलर’च ठेवावा.

प्रतिसाद २

विणकामापुरते लिहिते, कारण या विषयात आपल्या आईंना इंग्रजी जाणणाऱ्या मुलांपेक्षा अधिक कळत असणार. महाराष्ट्रात विणणाऱ्या बायका ‘दहा नंबरच्या सुया’, ‘बारा नंबरच्या सुया’ असे म्हणतात. हे आकडे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. त्या मापात आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. ब्रिटनच्या दुकानांत आता मिलिमीटरच चालतात, त्यामुळे आईंनी दुकानात ‘टेन’ मागितल्यास विक्रेत्याला उलगडा होणार नाही आणि कदाचित १० मिलिमीटरच्या, काठीएवढ्या जाड सुया पुढे येतील. याउलट, धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, ज्यांना तिथे चॅरिटी शॉप म्हणतात, रबर लावून ठेवलेल्या करड्या रंगाच्या सुयांच्या जोड्या थोडक्या पैशांत मिळतात आणि त्यांच्या टोपणावर बहुधा जुना नंबर कोरलेला असतो. तिथे आईंना काहीच विचारावे लागणार नाही.

लोकरीच्या गुंड्यावरची पट्टी मात्र नीट वाचायला शिकवावी. ‘फोर प्लाय’ म्हणजे चौपदरी असे आपण शब्दशः घेतो. आता ते केवळ जाडीचे नाव उरले आहे, पदर मोजले तर चार भरतीलच असे नाही. त्याहून जाड ‘डीके’, म्हणजे डबल निटिंग. तिला बहुधा ४ मिलिमीटरच्या सुया सांगितलेल्या असतात आणि १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके बसावेत अशी अपेक्षा असते. पट्टीवर रंगाच्या खेपेचा क्रमांकही असतो. एका स्वेटरची सगळी लोकर एकाच खेपेची घ्यावी, नाहीतर पाठ आणि बाही यांच्या रंगांत दिवसाच्या उजेडात फरक दिसतो. विणकामाच्या इंग्रजी कृतीतले ‘निट’ आणि ‘पर्ल’ म्हणजे आपले सुलट आणि उलट. टाके घालणे आणि टाके बंद करणे हे प्रयोगही जसेच्या तसे जुळतात. ही परिभाषा मराठीत इतकी पक्की आहे की तिथे नवे काही सुचवणे आगाऊपणाचे ठरेल.

एक शब्द मात्र जपून वापरावा, तो म्हणजे ‘जंपर’. ब्रिटनमध्ये जंपर म्हणजे डोक्यातून घालायचा लोकरी स्वेटर. जुन्या मराठीत जंपर किंवा झंपर म्हणजे साडीवर घालायचे पोलके, आणि खेड्यापाड्यांत तो शब्द अजून ऐकू येतो. ‘थंडी वाजली तर बाबांनी कपाटातला जंपर घालावा’ असे वाक्य लिहाल, तर त्याचे काय होईल ते सांगायला नको.

प्रतिसाद ३

वरील बहुतेक सूचना मान्य आहेत, परंतु ‘दाराचा लोड’ मला पटत नाही. लोड टेकण्यासाठी असतो आणि त्याला पाय लावणे बऱ्याच घरांत बरे समजत नाहीत. हा तर पायानेच दाराशी सरकवायचा. ‘दाराखालची गुंडाळी’ हे आपलेच वर्णन अधिक योग्य आहे.

‘शरद’ मुळीच वापरू नये. आश्विन-कार्तिकाचे महिने साधारण जुळतात हे खरे, पण आपल्या शरदात आभाळ निवळते, कोजागरीचे चांदणे पडते आणि मुंबई-पुण्याला ऑक्टोबरची काहिली होते. ब्रिटनचे हवामानखाते १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर हा काळ ऑटमचा धरते आणि त्या काळात तिथे ढग, रिमझिम आणि निसरड्या पानांचा खच असतो. महाराष्ट्रात पाने गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. त्यामुळे ऋतूचे संस्कृत नाव टाळून ‘पानगळीचे दिवस’ म्हणावे.

आणखी एका शब्दाची सूचना पानभर मोठ्या अक्षरांत लिहावी. ब्रिटनमध्ये नुसते ‘मिन्स’ म्हणजे खिमा. पण नाताळात सगळीकडे दिसणाऱ्या ‘मिन्स पाय’मध्ये मिन्स नसते, ‘मिन्समीट’ असते, आणि नावात मांस असूनही ते मनुका, बेदाणे, सफरचंद, लिंबूवर्गीय फळांच्या पाकवलेल्या साली, साखर आणि मसाले यांचे गोड सारण असते. पूर्वी त्यात खरोखरच मांस घालत. एवढे कळल्यावर शाकाहारी माणूस निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो, कारण पारंपरिक मिन्समीटमध्ये ‘सूएट’ घालतात, आणि सूएट म्हणजे गायीच्या किंवा मेंढीच्या गुर्द्याभोवतीची चरबी. वनस्पती तेलापासून केलेले सूएटही मिळते आणि ते वापरलेल्या मिन्स पाय सर्रास विकल्या जातात. म्हणून नावावरून काहीच न ठरवता खोक्यावरचे घटक वाचावेत. सारणात ब्रँडीही असू शकते. शेजाऱ्यांनी घरी केलेली मिन्स पाय आणून दिली, तर ‘यात कोणते सूएट आहे?’ असे विचारण्यात तिथे कोणाला वावगे वाटत नाही.

उद्यानांतून पोरे गोळा करतात त्या तपकिरी, चकचकीत ‘कॉन्कर’बद्दलही लिहावे. त्यात भोक पाडून दोरी ओवतात आणि एकमेकांच्या कॉन्करवर आपटून तो फोडायचा खेळ खेळतात. दिसायला ते भाजून खायच्या चेस्टनटसारखे असले तरी झाड वेगळे आणि बी विषारी. शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, त्यामुळे वडिलांनी ‘शिंगाडेच दिसतात’ म्हणून खिसे भरून आणण्याचा संभव आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वाफ आणि ओल यांचे वाक्य जसेच्या तसे घेत आहे. दुलई, खोळ आणि टॉगही घेतले. लोड आणि गुंडाळी यांपैकी निवड आईवर सोपवते, कारण ती वस्तू विकत न घेता जुन्या साडीत चिंध्या भरून स्वतःच शिवीन असे तिने फोनवर सांगितले आहे. जंपर काढून सर्वत्र ‘स्वेटर’ केले. एक शंका उरली : बॉयलरचा दाब दाखवणारा काटा १ ते १.५ बारच्या मध्ये असावा, हे लिहिताना ‘काटा उतरला’ म्हणावे की ‘दाब उतरला’?

प्रतिसाद १

‘काटा १ च्या खाली गेला तर आम्हाला फोन करावा’ असे लिहावे. वडिलांना काटा दिसतो, दाब दिसत नाही.