छताच्या कडेची रोषणाई: दरवर्षी शिडी, की एकदाच पट्टी?

निवांत

वाद ओढवून घेणारं मत आहे, पण मांडतोच. सणाला छताच्या कडेने माळा सोडण्यासाठी दरवर्षी शिडीवर चढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. एकदा लावायला चढा, सण सरला की काढायला चढा, आणि मध्येच अर्धी माळ बंद पडली की पुन्हा चढा. काढायच्या वेळी तर उत्साहही नसतो. घाई असते, शिडी सरकवायचा कंटाळा असतो, हात लांबवून शेवटची क्लिप ओढायची असते. माणूस पडतो तो तिथेच.

त्यापेक्षा वळचणीच्या फळीखाली अॅल्युमिनियमचं बारीक चॅनेल एकदाच बसवा आणि त्यात पिक्सेलचे एलईडी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो असे) टाका. चॅनेल फळीच्याच रंगाचं घेतलं तर दिवसा कुणाला कळतही नाही. रंग बदलणं, चालू-बंद करणं, सगळं खालून होतं. शिवाय हे दिवे १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात, म्हणजे ओल्या पन्हळीशेजारून २३० व्होल्ट खेळवायला नकोत. जाणत्या माणसाकडून एकदा काम करून घेतलं की पुढे डोक्याला ताप नाही. ज्यांचा क्लिपांवर जीव आहे त्यांनी आपली बाजू मांडावी.

कौलारू

मांडतो की. तुम्ही उन्हापावसात इलेक्ट्रॉनिक्स टांगून ठेवणार आणि वर डोक्याला ताप नाही म्हणणार! पिक्सेलमध्ये सिग्नल एका दिव्याकडून पुढच्या दिव्याकडे जातो. साध्या प्रकारात एक दिवा मेला की त्याच्या पुढची सगळी रांग आंधळी. मग काय करणार? शिडीच लावणार. आणि तोवर तोच दिवा, तोच रंग, तेच कनेक्टर बाजारात मिळतीलच असं नाही. मोबाइलवरून चालवायचं अॅप बंद पडलं तर चांगले दिवेही नुसते लटकत राहतील.

दुसरं म्हणजे भोकं. छताच्या कडेला मारलेला प्रत्येक स्क्रू ही पाण्याला दिलेली वाट आहे. माझी माळ पन्हळीच्या ओठावर अडकणाऱ्या क्लिपांवर असते, भोक एकही नाही. पत्रा लोखंडी असेल तर चुंबकाच्या क्लिपाही चालतात (अॅल्युमिनियमच्या पत्र्याला चुंबक धरत नाही, उगाच घेऊन येऊ नका). सण झाला की माळ पेटीत, घर पुन्हा घरासारखं.

निवांत

स्क्रू फळीला खालच्या अंगाने आहेत हो. पाणी उलटं चढत नाही.

कौलारू

वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आला की खालच्या अंगालाही पाणी लागतं. फळी आणि चॅनेलच्या मधल्या फटीत ते दिवसेंदिवस राहतं, कारण तिथे ना ऊन पोचतं ना वारा. लाकूड कुजतं ते पावसात भिजून नव्हे, भिजल्यावर न वाळल्यामुळे. फटीला सिलिकॉन लावलं तरी ते उन्हाने कधीतरी सुटतंच, आणि ते सुटलंय हे खालून दिसत नाही.

जुना_वायरमन

दोघांचंही भांडण चुकीच्या जागी चाललंय. आयुष्यभर तारा ओढल्या आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो, मग खुशाल भांडा.

निवांत, कमी व्होल्ट म्हणजे बिनधोक, हे अर्धंच खरं. झटक्यापासून सुटका होते, मान्य. पण व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच उजेडासाठी करंट वाढतो. वीस मीटर पट्टी धरा, मीटरला १० वॅट. झाले २०० वॅट. २४ व्होल्टवर साधारण ८.३ अँपिअर, १२ व्होल्टवर १६.७. आता पुरवठ्याचा डबा (२३० व्होल्टचे १२ किंवा २४ करणारा) घरात आहे आणि पट्टीपर्यंत १० मीटर अंतर आहे, तार १.५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन २० मीटर तांब्याचा रोध पाव ओहमच्या आसपास भरतो. १२ व्होल्टच्या जोडणीत चार व्होल्ट तारेतच जातात, म्हणजे एक तृतीयांश! २४ मध्ये दोन जातात, ते परवडतं. पांढऱ्या उजेडाचं दुसरं टोक लालसर दिसतं ते यामुळेच. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, हिरव्या-निळ्याला तीन लागतात, म्हणून दाब उतरला की आधी निळा मान टाकतो. लोक दिव्यांना शिव्या देतात, दोष तारेचा असतो. लांब कड असेल तर २४ व्होल्ट घ्या, तार जाड घ्या, आणि पट्टीला मध्ये पुन्हा एकदा पुरवठा द्या. जोड ढिला राहिला तर एवढ्या करंटला तो तापतो. झटका नाही म्हणून आगही नाही, असं समजू नका.

कौलारू, तुमच्या क्लिपा उत्तम, पण प्लग कुठे आहे ते तुम्ही सांगितलं नाहीत. निम्म्या घरांत बाहेरची माळ आतल्या एक्स्टेन्शनवर असते, जोड पन्हळीत पडलेला आणि त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. पिशवीत पाणी शिरतं तसं बाहेर येत नाही. जोड भिंतीच्या आडोशाला, जमिनीपासून वर घ्या, आणि प्लगकडे येणाऱ्या वायरला आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवीच. एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) तार वाचवते, माणूस नाही.

माळेच्या खोक्यावरचा आयपी आकडा बघा, माळ धूळ-पाणी किती सोसते ते तो सांगतो. ४४ म्हणजे उडतं पाणी सोसणारी. ती वळचणीच्या आत ठीक. उघड्यावर ६५ घ्या. माळेला खिळा किंवा स्टेपल मारू नका. इन्सुलेशनला पडलेलं भोक डोळ्यांना दिसत नाही, पण पहिल्या पावसात कळतं. पांढरे केबल टायही उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. काळे, उन्हाला टिकणारे घ्या.

शिडी_नको

तुमचं सगळं वाचलं, आणि माझा प्रश्न कुणी विचारलाच नाही. छताचीच कड का? दाराची चौकट आहे, खिडक्या आहेत, जिन्याचा कठडा आहे, अंगणातलं झाड आहे. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच सजवा. सणाच्या आनंदासाठी चार मीटर उंचीवर एका हाताने लोंबकळायची काय गरज?

सरळरेघ

गरज आहे. दाराची चौकट दाराशी आलेल्यालाच दिसते. छताची कड दिसते दुरून येणाऱ्याला. अंधारात घराचा आकार नाहीसा झालेला असतो, तो ती एक रेघ परत काढून देते. खिडक्या, कठडे, झाडं यांवर कितीही दिवे गुंडाळले तरी ते ठिपक्यांचे पुंजकेच राहतात.

मात्र अट एकच, रेघ सरळ हवी. सगळ्यांची गडबड इथेच होते. क्लिपा हातभर अंतरावर लावतात, मध्ये माळ पोटात झुकते, आणि सगळं छत लोंबल्यासारखं दिसतं. प्रत्येक दिव्याला एक क्लिप, सगळ्या दिव्यांचं तोंड एकाच दिशेला, एवढं केलं तरी साधी माळ देखणी दिसते. कोपऱ्यावर माळ हवेतून तिरपी ओढू नका, कोपरा पुरा वळवा. आढ्यापर्यंत जाऊच नका. खालची कड आणि समोरच्या त्रिकोणाच्या दोन तिरक्या बाजू पुरेत. आणि ते धावणारे, लुकलुकणारे, दर दोन सेकंदांनी रंग बदलणारे प्रकार... निवांत, तुमच्या पिक्सेलबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. जे करता येतं ते सगळं लोक एकाच रात्री करतात.

तारांगण

मला दोन्ही बाजू तितक्याच जड जातात, कारण मी छताकडे नाही, आकाशाकडे बघतो. २०१४ साली नासाने सुओमी एनपीपी उपग्रहाच्या नोंदींवरून सांगितलं होतं की नाताळ ते नववर्षाच्या काळात अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांभोवतीचा रात्रीचा उजेड एरवीपेक्षा २० ते ५० टक्के वाढतो. रमजानमध्ये मध्यपूर्वेतल्या काही शहरांत तो ५० टक्क्यांहूनही जास्त वाढलेला दिसला. म्हणजे आपापल्या घराची एकेक माळ मिळून अंतराळातून मोजता येईल इतकी होते.

तरी हंगामी माळेला माझी हरकत नाही. ती उतरते. कायमच्या पट्टीचं तसं नाही. आधी सणाला, मग वाढदिवसाला, मग मॅच जिंकली म्हणून, मग 'अंगणात जरा उजेड बरा' म्हणून रोजच. निळसर पांढरा उजेड हवेत सगळ्यात जास्त विखुरतो आणि आकाश धुवून काढतो. घ्यायचेच तर २७०० केल्व्हिनच्या आसपासचे पिवळसर घ्या, ६००० वाले नकोत. रात्रीच्या किड्यांनाही पिवळा उजेड कमी ओढतो.

निवांत

तारांगण, उलट तुमच्या बाजूने पट्टीच बरी. चॅनेलमधले दिवे खाली भिंतीकडे तोंड करून असतात, वर फळीचा आडोसा. क्लिपेवरचा उघडा बल्ब चहूकडे फेकतो, तुमच्या आकाशातसुद्धा. पट्टीचा उजेड १० टक्क्यांवर आणता येतो, टायमरने मध्यरात्री बंद होतो. माळ बंद करायला कुणी मध्यरात्री उठतं का?

तारांगण

दिशेचा मुद्दा बिनशर्त मान्य. टायमरचं म्हणाल तर तो साध्या प्लगमध्येही मिळतो, त्यासाठी छताला चॅनेल लागत नाही. आणि १० टक्क्यांवर ठेवणारा मालक अजून माझ्या पाहण्यात यायचाय.

कौलारू

वीज कुणी काढली नाही अजून, म्हणून मीच काढतो. जुने मोठे काचेचे बल्ब ७ वॅटचे, कडेला शंभर लावले की ७०० वॅट. रोज सहा तास, महिनाभर, झाली १२६ युनिटं. त्याच जागी १ वॅटच्या एलईडी बल्बांना १८ युनिटं लागतात. वायरमनच्या हिशोबातली २०० वॅटची पट्टी पूर्ण उजेडात ठेवलीत तर ३६. मग काटकसरीच्या गप्पा नकोत.

निवांत

पूर्ण उजेडात कोण ठेवतो?

तारांगण

सगळे!

शिडी_नको

शिडीवर कुणी बोलायचंच टाळतंय. 'जाणत्या माणसाकडून करून घ्या' म्हणताय, तो जाणता माणूसही माणूसच आहे ना? तो पडला तर चालेल?

जुना_वायरमन

बरोबर बोललात. उंची चार मीटर तर शिडीचा पाय भिंतीपासून एक मीटर दूर, एकास चार. त्याहून उभी ठेवली तर मागे जाते, आडवी ठेवली तर पाय घसरतो. शिडी पन्हळीवर टेकवू नका, ती वाकते आणि शिडी बाजूला सरकते. वरच्या टोकाला आडवा टेकू लावून शिडी भिंतीवर घ्या. छतावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर निदान ९० सेंटिमीटर हवी. पोट शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. ते बाहेर गेलं की उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. हाच कंटाळा घात करतो. आणि खांबावरून घरात येणारी वीजतार बहुतेक वेळा नेमकी छताच्या कडेलाच येते, तिथे अॅल्युमिनियमची शिडी नेऊच नका. त्या कोपऱ्याला दिवे नसले तर सणाचं काही अडत नाही.

पण शिडी टाळायची तर मधला मार्ग आहे. फळीला कायमचे जाड हूक एकदाच बसवा. माळ जमिनीवर बसून पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यांना बांधा, दिव्यांचं अंतर तिथेच मोजून घ्या, आणि लांब काठीला बेचकी लावून तो पाइप खालून हुकांवर चढवा. उतरवायचाही तसाच. एकमजली घराला हे नक्की जमतं. वर इलेक्ट्रॉनिक्स राहत नाही, रेघही सरळ येते.

सरळरेघ

पहिल्या दिवशी सरळ येते. पीव्हीसी उन्हात मऊ पडतो, हुकांमध्ये अंतर जास्त असलं तर पाइपालाच पोट येतं. मग माळेच्या झोळापेक्षा ते वाईट दिसतं.

कौलारू

आणि हुकाला भोक लागतंच. तिथल्या पावसाचं काय?

जुना_वायरमन

सरळरेघ, पाइप जाड भिंतीचा घ्या आणि हूक ६० सेंटिमीटरवर. फार भीती वाटत असेल तर पाइपाऐवजी अॅल्युमिनियमची चौकोनी नळी घ्या, पण मग माळ २३० ची नको, कमी व्होल्टची घ्या. कौलारू, हुकाला भोक आहे, पण चॅनेलसारखी लांब फट नाही. हूक लोंबतं राहतं, त्याच्याभोवती वारा फिरतो, लाकूड वाळतं. भोकात स्क्रू फिरवण्याआधी रंग भरा.

शिडी_नको

म्हणजे हूक लावायला शिडी हवीच.

जुना_वायरमन

एकदा. आणि तेव्हा खाली शिडी धरायला तुम्ही या.

शिडी_नको

धरायला येईन. वर मात्र पाठवू नका.

निवांत

माझ्या घराची पुढची बाजू दुमजली आहे, तिथे काठी पोचणार नाही. तिथे पट्टीच, २४ व्होल्टवर, पिवळसर. मागची पडवी बुटकी आहे, तिथे हूक करून बघायला हरकत नाही. वायरमन, दोन बाजूंना एकच पुरवठा चालेल का?

जुना_वायरमन

नाही. मागच्या बाजूला वेगळा द्या, नाहीतर वर सांगितलेला तारेचा हिशोब पुन्हा वाचावा लागेल. आणि पुरवठ्याचा डबा छताखाली कोंडू नका, तो तापतो; जिथे हात पोचेल आणि पाऊस पोचणार नाही, अशा भिंतीवर लावा.