शब्दचर्चा: ‘असेसर’, ‘ज्युरी’ आणि ‘पंच’ हे एकच का?

दौतटाक

पणजोबांच्या जुन्या वह्या टाइप करायला घेतल्यात. बहुतेक सगळा जमाखर्च. कुळं, भात, देवळाची वर्गणी. १९३१ च्या वहीत मात्र हे सापडलं. जसंच्या तसं उतरवतो:

“सेशनांत असेसर. ता. ९ ते ११. मत दिलें, निर्दोषी. साहेबांनीं सात वर्षें दिलीं. टांगा जातां येतां १ रु. ४ आ.”

आई म्हणते, “ते ज्युरीत होते.” मामा म्हणतो, “ज्युरी म्हणजे पंचच की.” धाकट्या भावाला असेसर म्हटल्यावर घरपट्टीचं असेसमेंट आठवलं. मला तळटीपेत एक नेमका मराठी शब्द द्यायचाय. कुठला देऊ? आणि ‘निर्दोषी’ मत दिल्यावर सात वर्षं कशी झाली, हे कोणी सांगेल का?

माजी शिरस्तेदार

तुमचे पणजोबा ज्युरीत नव्हते, आणि पंच तर अजिबात नव्हते. ते असेसर होते. त्यांनी लिहिलंय तेच बरोबर आहे, घरच्यांनी दुरुस्त करू नये.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सेशन कोर्टातला खटला दोन रीतींनी चालायचा, ज्युरीपुढे किंवा असेसरांच्या मदतीने. कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या गुन्ह्यांना ज्युरी, हे प्रांतिक सरकार ठरवी. मुंबई इलाख्यात पुण्यासारख्या मोजक्या जिल्ह्यांना ज्युरी मिळाली होती, बाकी ठिकाणी असेसर. १८६१ च्या पहिल्या संहितेपासूनच हा भेद चालत आलेला.

फरक काय, तर ज्युरीचा निर्णय असे आणि असेसराचं नुसतं मत. पुरावा संपला की जज्ज प्रत्येक असेसराला वेगवेगळं विचारी, तो तोंडी सांगे, जज्ज लिहून घेई. ते मत मानायचं बंधन जज्जावर नव्हतं, तसं कायद्यातच स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून ‘निर्दोषी’ आणि खाली सात वर्षं! यात बेकायदा काहीच नाही. तुमच्या पणजोबांनी ‘निकाल दिला’ असं न लिहिता ‘मत दिलें’ लिहिलंय. आपण तिथे नेमके कोण म्हणून बसलो होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बसणं मात्र खुशीचा मामला नव्हता. जिल्ह्यातल्या २१ ते ६० वयाच्या पुरुषांवर ही जबाबदारी होती (बायकांचा प्रश्नच नव्हता). समन्स येऊन सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर १०० रुपयांपर्यंत दंड, आणि तो भरला नाही तर जंगम मालमत्तेवर जप्ती. तुमच्याच वहीतला टांगा सव्वा रुपया आहे, त्यावरून १०० रुपये म्हणजे केवढे याचा अंदाज करा.

सुटका कोणाची? वरचे सरकारी अधिकारी, पोलीस, लष्करातले, वकील, डॉक्टर, पूजापाठ करणारे धर्मगुरू, पोस्ट-तारखात्यातले. एवढे सगळे वजा केल्यावर यादीत राहायचे ते सावकार, दुकानदार, इनामदार आणि पेन्शनर. तुमच्या वहीतली कुळं बघता पणजोबा कुठल्या खणात बसतात ते कळतंच.

खोडरबर

तळटीपेत शब्द द्यायचा तर ‘असेसर’च ठेवा आणि पुढे अर्थ लिहा. ‘न्यायसल्लागार’ वगैरे घडवू नका, वाचणाऱ्याला तो कोणी पगारी अधिकारी वाटेल. आणि भावाला सांगा, असेसमेंटची आठवण अगदीच चुकीची नाही. मूळ लॅटिन अर्थ ‘शेजारी बसणारा’. न्यायाधीशाशेजारी बसणारा तोही असेसर आणि कर ठरवायला बसणारा तोही.

आता जरा माझी नेहमीची किरकिर. ‘ज्यूरी’ की ‘ज्युरी’? अंत्याक्षर दीर्घ असलं की उपान्त्य उकार ऱ्हस्व, त्या हिशेबाने ‘ज्युरी’. मोठा घोळ वचनाचा आहे. ज्युरी म्हणजे सबंध मंडळ, स्त्रीलिंगी एकवचनी: ज्युरी बसली, ज्युरी उठली, ज्युरीने दोषी ठरवलं. त्यातला एक माणूस म्हणजे ज्युरर. पण आपण सर्रास ‘नऊ ज्युरी होते’ म्हणतो. हल्ली तर नाट्यस्पर्धेच्या बक्षीस समारंभात ‘आपले ज्युरी श्री. अमुकतमुक’ असा एकटा माणूसच ज्युरी होऊन व्यासपीठावर येतो. ‘परीक्षक’ या शब्दाचं काय वाईट झालं होतं देव जाणे.

जुनीबखर

मामांची बाजू घेतो थोडी. ज्युरीला ‘पंच’ म्हणणं सुचतं ते उगाच नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण ज्या समाजाची, त्याला दहाजणांनी मिळून न्याय देण्याची कल्पना नवी नव्हती.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचं वर्णन सविस्तर आहे. दिवाणी तंटे तोडायचं मुख्य साधन हेच, आणि ते टिकवावं असा त्याचा कल होता. त्या पंचायतीचे शब्द बघा. दोन्ही पक्ष आधी ‘राजीनामा’ लिहून देत: पंच म्हणतील ते कबूल, आम्ही राजी आहोत. निवाड्याचा कागद तो ‘महजर’. हरलेला लिहून देई ते ‘यजितखत’.

यातला राजीनामा आज नोकरी सोडताना देतात, महजर आणि यजितखत दप्तरखान्यात गेले. पंचायत कशी आहे? ‘मोठी पंचाईत झाली राव!’ तंटा तोडणारी संस्था होती, ती भाषेत अडचण होऊन बसली. ‘नसत्या पंचायती’ करणारे शेजारी आणखी निराळे.

मग इंग्रजी पुस्तकांचं भाषांतर करणाऱ्यांना ज्युरीसाठी ‘पंच’ जवळचा वाटला तर बिघडलं कुठे?

माजी शिरस्तेदार

बिघडतं. कारण इंग्रजी अमलात पंचाचं कामच बदललं. निवाडा करणारा पंच मागे पडला आणि फौजदारी कामात उरला तो पंचनाम्याचा पंच. पोलीस झडती घेणार, वस्तू जप्त करणार, प्रेत बघणार, तेव्हा जागेवरच्या दोन-चार प्रतिष्ठित माणसांनी हजर राहून सही करायची. पुढे कोर्टात येऊन “होय, माझ्यादेखत झालं” सांगायचं. न्याय करणारा होता, तो साक्षीदार झाला.

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी ‘पंच’ हा शब्द रोज पन्नास वेळा लिहिला असेल, आणि एकदाही त्याचा अर्थ न्याय देणारा असा नव्हता. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. पंच फितूर झाला. ठाण्याच्या दारातला पानवाला दर पंचनाम्यावर सही करतो, तो ‘सराईत पंच’; उलटतपासणीत वकील त्याला विचारतो, “आतापर्यंत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?” आणि कोर्टात खसखस पिकते. अशा ठिकाणी ज्युररला पंच म्हटलंत तर वाचणारा घोटाळणारच. क्रिकेटच्या पंचाचं तर विचारूच नका.

गिरगावकरीण

काका, मुंबई विसरलात! मुंबईत बेवारस किंवा संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांच्या पंचांऐवजी कॉरोनर (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) आणि त्याची ज्युरी बसायची, १८७१ च्या कायद्याने. मुंबई, कलकत्ता अशा मोजक्याच शहरांना तो मान. म्हणजे मढं कल्याणच्या पुढे सापडलं तर पंच, भायखळ्याला सापडलं तर ज्युरी. दोन्हीकडे काम बरंचसं तेच, नावं मात्र निराळी.

मुंबईच्या हायकोर्टात ज्युरीशिवाय सेशन खटला चालतच नसे. नऊजण, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. ही गोष्ट मुळात गोऱ्यांची गोऱ्यांसाठी. १८२६ च्या कायद्याने मुंबई-मद्रास-कलकत्त्यातल्या हिंदी लोकांना ज्युरीत घेतलं खरं, पण अट घातली: ग्रँड ज्युरी (खटला चालवण्याजोगा आहे का, हे आधी ठरवणारी) सगळी ख्रिश्चन, आणि आरोपी ख्रिश्चन असेल तर त्याची ज्युरीही सगळी ख्रिश्चन. म्हणजे ख्रिश्चनाने हिंदूचा न्याय करायला हरकत नाही, उलट नको. राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १८३२ मध्ये ती अट गेली, आणि १८३४ मध्ये नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई हे मुंबईचे जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद मॅजिस्ट्रेट, झाले. पुढे इल्बर्ट बिलाच्या (हिंदी न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या विधेयकाच्या) गदारोळात गोऱ्या आरोपींनी पुन्हा मिळवलंच: १८८४ पासून मोफसलातही (मोठ्या शहरांबाहेरच्या मुलखातही) निम्म्याहून कमी नाहीत इतके युरोपीय किंवा अमेरिकन ज्युरर मागायचा हक्क! अमेरिकनाचा इथे काय संबंध, तर कातडीचा.

आणि एक शब्द कोणीच घेतला नाही: ‘डेलिगेट’. पारशी विवाह न्यायालयात समाजातले डेलिगेट जज्जाबरोबर बसतात. १९३६ च्या कायद्यात सात होते, १९८८ पासून पाच. आमच्या जुन्या चाळीसमोरच्या बागेत (पारशी वसाहतीत) राहणारे एक काका होते डेलिगेट. कोट चढवून निघाले की आम्ही पोरं ओरडायचो, “काका, आज कोणाचा घटस्फोट?”

खोडरबर

मुंबई म्हटल्यावर नानावटी खटला आलाच. १९५९, खुनाचा आरोप असलेला नौदलाचा कमांडर, नऊजणांची ज्युरी, आठ विरुद्ध एक ‘निर्दोष’. सेशन जज्ज रतिलाल मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. ‘या खटल्यामुळे दुसऱ्या दिवशी ज्युरी बंद झाली’ असं सांगतात ते खरं नाही. लॉ कमिशनने १९५८ मध्येच ज्युरी काढून टाका म्हटलं होतं. तुमचे असेसर तर १९५५ लाच गेले होते.

गंमत म्हणजे, ज्युरीचा निर्णय जज्जाला पटला नाही तर हायकोर्टाकडे पाठवायचा, हे कलमही १८९८ च्याच संहितेतलं, ३०७ क्रमांकाचं. शिरस्तेदारसाहेब, मग तुमचा ‘ज्युरीचा निर्णय, असेसराचं मत’ हा भेद तितका काटेकोर राहत नाही.

माजी शिरस्तेदार

कबूल, पण अर्धंच. असेसराचं मत जज्ज जागेवर बाजूला सारू शकत होता. ज्युरीचा निर्णय सेशन जज्जाला एकट्याने मोडता येत नसे, वर पाठवावा लागे, कारणं लिहावी लागत. हायकोर्टातल्या ज्युरीचं गणित आणखी वेगळं. इंग्लंडात बाराही जणांचं एकमत लागे. इथे नवांपैकी सहाजण एका बाजूला आणि जज्ज त्यांच्याशी सहमत, एवढं पुरे.

हे ‘सहा’ लक्षात ठेवा. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला न्या. स्ट्रॅचींपुढे चालला, तेव्हा ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. निर्णय सहा विरुद्ध तीन, दोषी. अठरा महिने.

जुनीबखर

आणि १९०८ ला सात विरुद्ध दोन! न्या. दावर, सहा वर्षं काळं पाणी. पण शब्दचर्चेत तो खटला यायला हवा तो दुसऱ्याच कारणाने.

आरोप ‘केसरी’तल्या लेखांवर. लेख मराठी. सरकारने अर्ज केला ‘स्पेशल ज्युरी’साठी, म्हणजे पैशाने नि प्रतिष्ठेने वरच्या यादीतली माणसं, त्यात भरणा युरोपीयांचा. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला: प्रश्न मराठी शब्दांच्या अर्थाचा आहे, मराठी जाणणारी ज्युरी द्या. अर्ज सरकारच्या बाजूने मंजूर झाला. मग कोर्टात काय चाललं, तर सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी. वकील न देता टिळक स्वतः उभे. ‘माथेफिरू’ला तुम्ही इंग्रजीत हाच शब्द का घातलात, कोशात काय आहे, दुसरा सौम्य शब्द नव्हता का? आणि हे ऐकायला समोर बहुसंख्य अशी माणसं, ज्यांना मूळ वाक्य वाचताच येत नव्हतं. सात युरोपीय, दोन पारशी.

आपण इथे पाच दिवस ‘ज्युरी’ला मराठी शब्द शोधतोय. तिथे ज्युरी मराठी शब्दांचे अर्थ ठरवत होती, इंग्रजीतून.

गिरगावकरीण

हे वाचल्यावर मला तर ‘ज्युरी’च ठेवावासा वाटतोय. आपल्याला ती गोष्ट आपली म्हणून कधी मिळालीच नाही, तर शब्द तरी आपला कशाला?

खोडरबर

तुमचा राग रास्त, तर्क लंगडा. रेल्वे तरी कुठे आपली म्हणून आली होती? पण निष्कर्ष मान्य. ज्युरी, ज्युरर, असेसर, तिन्ही जसेच्या तसे. फार तर कादंबरी भाषांतरित करताना, जिथे अमेरिकेतलं कोर्ट आहे आणि ज्युरर दर पानावर येतो, तिथे ‘न्यायपंच’ चालवून घेईन. १९३१ च्या वहीवर नाही.

दौतटाक

सगळ्यांचे आभार. टीप अशी लिहिली: “असेसर: सेशन कोर्टात जज्जाबरोबर बसणारा सामान्य नागरिक. याचं मत जज्जावर बंधनकारक नसे.” मामाला दाखवली. तो म्हणाला, “म्हणजे पंचच, पण बिनकामाचा.”

शिरस्तेदारकाका, तुम्ही २१ ते ६० लिहिलंत म्हणून मी पुढच्या वह्या पुन्हा चाळल्या. १९३३ च्या वहीत दिवाळीनंतर एक ओळ आहे: “पुन्हां असेसरीचें समन्स. साठ पुरीं झालीं असें कळविलें. टांगा वांचला.”

पत्रिका आमच्याकडे आहे. १९३३ ला त्यांचं वय चोपन्न होतं.