निवृत्तीचे पैसे आणि ज्वालामुखीच्या बेटांची यॉट क्रूझ : जावं की नाही?

भूगोलाच्या बाई, अंबाजोगाई

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर दख्खनचं पठार काढलं आणि मुलांना सांगितलं, की आपल्या पायाखालचा हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही लाव्हा बघितलाय का?" नाही बघितला. समुद्रसुद्धा दोनदाच बघितला, तोही सहलीतल्या पोरांची डोकी मोजता मोजता.

मे महिन्यात निवृत्त झाले. एका एजंटाने दहा रात्रींच्या यॉट क्रूझचं पत्रक दाखवलं. चाळीसेक खोल्यांची छोटी बोट, मॉरिशसहून निघून रियुनियन बेटाला वळसा घालून परत. विमानासकट दोघांचे अकरा लाख. दीर म्हणाले, "वहिनी, एवढ्यात शेततळं होऊन वर दोन एकर ठिबक होईल." त्यांचं चुकीचं नाही. पण मला जायचंय, आणि का ते सांगते.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. सरकताना ती पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून गेली, तिथून लाव्ह्याचे थरावर थर बाहेर पडले. तेच आपलं पठार. भारत पुढे निघून आला, तप्त जागा मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही तिची वाटेवरची पावलं. पहिल्या तिन्हींत वरून प्रवाळ दिसतं, पण खाली ज्वालामुखीचाच खडक आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं की या खडकांचं वय कमी होत जातं. शेवटचं पाऊल रियुनियन, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. ज्या चुलीवर आपलं घर शिजलं ती चूल अजून पेटलेली आहे, बाबांनो! ती बघायला समुद्रातूनच जावं, असं मला मनापासून वाटतं.

नुसतं 'जाऊन या' म्हणू नका. पटत नसेल तर कारण सांगा.

मांजराकाठ, लातूर

बाई, मला पटत नाही. राग मानू नका.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभा होतो. दहावीत होतो. तेव्हापासून पाण्याची उधळपट्टी बघितली की पोटात गोळा येतो. या बोटींवर रोज दोनदा अंघोळ, टॉवेल रोज धुवायला, पोहायचा छोटा हौदसुद्धा. आणि ते सगळं डिझेल जाळून. आपल्या भागातल्या माणसाने, त्यातही शिक्षिकेने, या चैनीत उतरावं हे मला खटकतं. प्रश्न पैशाचा नाही. पैसे तुमच्या कष्टाचे आहेत.

गोदातीर, नांदेड

@मांजराकाठ, दुष्काळाचा हिशोब दर वेळी मराठवाड्यातल्याच माणसाने का द्यायचा? पुण्या-मुंबईचे लोक दिवाळीत युरोपला जातात, त्यांना कोणी धरणातला पाणीसाठा विचारत नाही. आपल्याकडच्या बाईने एकतीस वर्षं नोकरी करून एकदा समुद्रावर जायचं म्हटलं की लगेच रेल्वेचं पाणी निघतं. माझी आई हौस मारत मारतच गेली. बाई, जा तुम्ही.

आणि बोटीवरचं पाणी कोणाच्या नळातून तोडलेलं नसतं. समुद्राचंच पाणी गोडं करतात.

मांजराकाठ, लातूर

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण समुद्राचं पाणी गोडं करायला वीज लागते आणि बोटीवर वीज म्हणजे डिझेल. जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पात हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट लागतात. आता हे एकदम कमी वाटेल. पण चाळीस खोल्या, त्यांचा एसी, आणि इतक्याशा लोकांसाठी तेवढेच नोकरचाकर घेऊन रात्रंदिवस चालणारी इंजिनं, हे सगळं माणशी वाटून बघा. छोटी बोट म्हणजे कमी नुकसान, असं नसतं. मोठ्या जहाजावर तेच हजारो माणसांत वाटलं जातं.

खडकवाले सर, छत्रपती संभाजीनगर

भूजलाच्या कामात आयुष्य गेलं. विहिरीत काळा पाषाण लागला की शेतकऱ्याचा चेहरा कसा पडतो आणि मांजऱ्या लागला की कसा खुलतो, हे हजारदा बघितलंय. मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेला. म्हणून बाईंचं 'का' मला पुरतं कळतं. माझा विरोध जाण्याला नाही, बोटीने जाण्याला आहे.

बाई, नकाशा उघडा. तुम्हाला सांगायला नको, पण एजंटाला नक्की दाखवा. रियुनियनचं मोठं बंदर बेटाच्या वायव्येला आहे आणि ज्वालामुखी आग्नेयेला, म्हणजे बरोबर उलट्या टोकाला. तुमची बोट बंदराला लागली की तुम्हाला बसमध्येच बसवणार. आणि ज्या उतारावरून लाव्हा समुद्राकडे येतो, तो ग्राँ ब्र्युलेचा किनारा वाऱ्याच्या तोंडावर आहे. तिथे नांगर टाकून निवांत बघत बसता येत नाही. दुरून जाता जाता काय दिसेल तेवढंच.

पत्रकावर लाल लाव्हा समुद्रात पडतानाचं चित्र असेलच. तसं रोज होत नाही. बहुतेक उद्रेक वरच्या कड्यांनी वेढलेल्या भागातच संपतात. २००७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा रस्ता तोडून समुद्रापर्यंत गेला होता आणि त्याच वेळी शिखरावरचं विवर सुमारे ३०० मीटर खाली खचलं. असा उद्रेक तुमच्या दहा रात्रींत होईल, हे कोणीही कबूल करू शकत नाही.

त्यापेक्षा मॉरिशसला विमानाने जा, तिथून रियुनियनला छोटं विमान आहे. मोटारीने पास द बेलकोंबपर्यंत चढा. सुमारे २३०० मीटरवर, अगदी कड्यापर्यंत गाडी जाते, फक्त शेवटचा थोडा रस्ता कच्चा आहे. समोर ते काळं मैदान पसरलेलं असतं. पूर्व किनाऱ्यावर सेंट रोझजवळ एक चर्च आहे. १९७७ मध्ये लाव्हा त्याच्या दारात आला, थोडा आत शिरला आणि तिथेच थांबला. त्या गावात तासभर बसा. हे बोटीच्या गच्चीवरून मिळणार नाही. खर्चही निम्म्याहून कमी होईल.

ऋतूही बघा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गारान्स या वादळांनी रियुनियनला झोडपलं. मे ते ऑक्टोबर कोरडं असतं, पण जुलै-ऑगस्टला व्यापारी वारे जोरात वाहतात आणि समुद्र उसळलेला असतो. छोटी बोट तेव्हा चांगलीच हलते.

भूगोलाच्या बाई, अंबाजोगाई

सर, बंदर वायव्येला आणि ज्वालामुखी आग्नेयेला, हे मी पोरांकडून नकाशात भरून घेतलं असतं आणि स्वतःच्या सहलीत बघितलं नाही. आभार.

पण एक गोष्ट वर लिहिली नव्हती. यांचे दोन्ही गुडघे बदललेत. रोज हॉटेल बदलणं, बॅगा उचलणं, घाटातून तासन्‌तास मोटारीत पाय दुमडून बसणं, हे त्यांना झेपत नाही. बोटीत एकच खोली, लिफ्ट, आणि गाव आपल्याकडे चालत येतं. त्यांच्याशिवाय मला जायचं नाही. तेहतीस वर्षांत आम्ही दोघं मिळून गेलो ते पंढरपूर आणि तुळजापूर. म्हणून बोट.

तगरनगरी, धाराशिव

चैन-चैन म्हणून समुद्र आपला नाहीच असं बोलायला लागलो आहोत, म्हणून लिहितो. आमचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर ही दोन्ही गावं आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर. इथला माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि तिथून जहाजात चढायचा.

इटलीत पॉम्पेईला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली, भारतातून गेलेली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्यात. तेरच्या संग्रहालयात जाऊन काचेच्या या बाजूला उभे राहा, मग ज्वालामुखीचा किनारा मराठवाड्याला परका आहे का ते सांगा. बाईंनी बोटीने जावं. आपला माल गेला तसं.

मांजराकाठ, लातूर

माल पोट भरायला गेला, दादा. हौसेसाठी नाही. तेरची मूर्ती मीही बघितलीय, सुंदर आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिडाच्या जहाजाने आजच्या डिझेलचा धूर पुसला जात नाही.

जालन्याची काकू

माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट करून अशाच एका बोटीवर स्वयंपाकघरात आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आठ महिन्यांचा करार, मग दोन महिने घरी. पहाटे साडेचारला उठतो. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यावी लागते, कागदावर ती दिलेली असते. फोनवर आवाज थकलेला असतो. पण घरावरचं कर्ज त्यानेच फेडलं, बहिणीचं लग्न त्यानेच केलं. जाऊ नका म्हणणाऱ्यांनी त्याचाही विचार करावा. आणि बाई, गेलात तर खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या पोरांशी दोन शब्द मराठीत बोला. एखादं तरी आपल्याकडचं निघतं. घरची भाषा ऐकली की आठवडाभर बरं वाटतं म्हणतो तो.

कोयत्याचं पोर, बीड

माझे आईवडील आजही कारखान्याला जातेत. मी शिकलो, आता तलाठी आहे. मला वेगळंच बोलायचंय.

मॉरिशस म्हणजे उसाचं बेट. १८३४ पासून पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं भारतातून करारावर तिथं ऊस तोडायला नेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसं होती, कोकण-साताऱ्याकडची. त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथं आहेत, गणपती बसवतेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असती. पोर्ट लुईला ती माणसं ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशात आहे.

उचल घेऊन, अंगठा देऊन, बायकापोरांसकट दुसऱ्याच्या मुलखात ऊस तोडणं काय असतंय ते माझ्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणून म्हणतो, बाई, तुमच्या पत्रकात हा घाट हाय का? मला वाटतंय नसंल. शॅम्पेन असंल, डॉल्फिन असतील. ज्या धक्क्यावरून आपली माणसं पोत्यासारखी उतरवली, त्याच गावात बोटीवर चढायचं आणि मागं वळून बघायचं नाही, हे मला सहन होत नाही. घाट बघणार असाल तर माझा विरोध नाही.

भूगोलाच्या बाई, अंबाजोगाई

पत्रक पुन्हा वाचलं. नाही. पहिल्या दिवशी 'दुपारी बोटीवर स्वागत' एवढंच आहे.

बाळा, तुझ्यासारखी किती पोरं माझ्या वर्गातून दिवाळीनंतर निघून गेली आणि परीक्षेलाच परत आली. मी त्यांना मॉरिशस शिकवताना 'मुख्य पीक : ऊस' एवढंच लिहून दिलं. घाटाबद्दल एक ओळ सांगितली नाही. मला माहीतच नव्हतं.

मांजराकाठ, लातूर

मॉरिशसचंच आणखी एक. २०२० च्या जुलैत एक मोठं मालवाहू जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल सांडलं. तिथल्या लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं आणि ते तेल अडवायला समुद्रात उतरले. आपण पाचट पेटवून देतो, त्यांनी त्याने समुद्र वाचवायचा प्रयत्न केला. ते क्रूझचं जहाज नव्हतं, हे मान्य. पण प्रवाळाच्या जवळून जाणारी प्रत्येक बोट ही तीच जोखीम आहे, म्हणून माझा जीव अडकतो.

दुसरं सुरक्षेचं. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ९ डिसेंबर २०१९ ला ४७ माणसं होती, अचानक स्फोट झाला, २२ गेली. त्यातले बरेच क्रूझवरून फिरायला आलेले.

खडकवाले सर, छत्रपती संभाजीनगर

जोखमीबद्दल तेवढं स्पष्ट करतो, नाहीतर बाई उगाच घाबरतील. व्हाइट आयलंडला पाण्याची वाफ कोंडून स्फोट झाला आणि माणसं थेट विवरात होती. रियुनियनचा लाव्हा आपल्यासारखाच पातळ, बेसाल्टचा, वाहत जाणारा. १९७७ च्या उद्रेकानंतर तिथे १९७९ मध्ये वेधशाळा झाली. उद्रेकाची चिन्हं दिसली की आतला भाग लोकांना बंद करतात. बंद केला तर हुज्जत घालू नये.

गुडघ्यांचं मी लक्षात घेतलं नव्हतं, ते चुकलं. पण मग मधला मार्ग असा निघतो. मॉरिशसला एकाच जागी चार-पाच दिवस, घाट तिथेच. रियुनियनलाही एकच मुक्काम. गाडी भाड्याने, चालकासकट, दर तासाला थांबत. समुद्र हवाच असेल तर तिथूनच एक दिवस बोटीने. आणि रियुनियन फ्रान्सचा भाग असला तरी युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसात मोडत नाही, त्याची चौकशी स्वतः करा, एजंटावर सोडू नका.

गोदातीर, नांदेड

सर, तुम्ही शेवटी बाईंची बोट काढूनच घेतलीत! दहा रात्री पाण्यावर झोपायची हौस ही नुसती दगडाची हौस नाही. मला अजूनही वाटतं त्यांनी बोटच घ्यावी.

भूगोलाच्या बाई, अंबाजोगाई

काल रात्री यांना सगळं वाचून दाखवलं. चर्चच्या दारात थांबलेला लाव्हा दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "चालकवाली गाडी असेल तर मी बसेन की. पण एक रात्र तरी पाण्यावर काढू." नंतर बराच वेळ आप्रवासी घाटाबद्दल विचारत होते. त्यांचे आजोबाही कारखान्यावर होते.

एजंटाला फोन करून ते बुकिंग थांबवलंय. मे महिन्याचं बघतो, वादळंही नसतील आणि वाराही कमी असेल. मुक्कामाचा हिशोब बसला तर साताठ लाख वाचतील. दिरांना सांगितलं, शेततळ्याची जागा आखायला घ्या.

सर, तेवढं व्हिसाचं कुठे विचारायचं ते कळवा. आणि जालन्याच्या काकू, पुतण्या मेमध्ये घरी असेल तर त्याला भेटायला आम्ही जालन्याला येऊ.