विषय: जुलैत नागपूर, लहान मुलं आणि जंत

नमस्कार मंडळी,

शाळा सुटल्या की मुलांना घेऊन नागपूरला माहेरी जातेय, ऑगस्टअखेरपर्यंत. मोठा सात वर्षांचा, धाकटी अडीचची. आईकडे मोठं अंगण आहे आणि धाकटी माती दिसली की तोंडात घालते. मागच्या वर्षी भाच्याला मोठे जंत झाले होते, तेव्हापासून धास्ती बसलीय. निघण्याआधी दोघांना जंताची गोळी देऊन टाकू का? भाच्यासोबत एका ताटात जेवलं तर चालेल ना? सासूबाईंचं म्हणणं, पेढे-जिलेबी आवरा, जंत होणारच नाहीत.

– एक नागपूरकरीण

---

अगं,

जिलेबी बिचारी निर्दोष आहे. जंत होतात ते त्यांची अंडी पोटात गेल्याने, आणि ती पाकात नसतात.

एका ताटात खुशाल जेवू दे. मोठ्या जंताची अंडी शौचातून बाहेर पडतात तेव्हा ती कच्ची असतात. ओल्या, सावलीतल्या मातीत दोन ते चार आठवडे राहिली की मगच बाधा करण्याजोगी होतात. म्हणून भाच्याकडून थेट लागण होत नाही, मधे माती लागते. रात्री बूड खाजवायला लावणारे बारीक, दोऱ्यासारखे कृमी वेगळे. ते मात्र हाताहातातून घरभर होतात.

खरी भीती मातीचीच. मोठ्या जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन उघड्यावरच्या अंड्यांना मानवत नाही, पण तुम्ही जाताय ऐन पावसाळ्यात. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात किंवा मैल्याचं पाणी पसरतं, तिथली माती सगळ्यात वाईट. तुझ्या आईच्या अंगणात नालीचं पाणी तुंबत नसेल तर धोका पुष्कळ कमी. तरी धाकटीची नखं बारीक काप, आणि खेळून आल्यावर, जेवणाआधी साबणाने हात धुतल्याशिवाय काही देऊ नको.

निघण्याआधी गोळीचा उपयोग नाही. आतड्यात आज असलेले जंत ती मारते, पुढे जाणाऱ्या अंड्यांपासून राखण करत नाही. म्हणून तर आपल्याकडे अंगणवाडी-शाळांत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, अशी वर्षातून दोनदा अल्बेंडाझोल देतात. भाच्याला ती मिळत असेलच.

– काका (मेडिकलचा जुना विद्यार्थी)

---

काका, मधेच विचारते. आमच्या वहिनी सांबार (म्हणजे कोथिंबीर) मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि म्हणतात झालं निर्जंतुक. खरं का? घरी आरओ आहे, पण भाजी तर नळावरच धुतात. शिवाय तर्री-पोहे काय सांबाराशिवाय खायचे?

– महालची काकू

---

काकू, या अंड्यांचं कवच जाड असतं. मिठाने मरत नाहीत, क्लोरीनलाही दाद देत नाहीत. वर चिकट असतात, पानाच्या मुडपीत बसून राहतात. शहराचं सांडपाणी नाग नदीत जातं आणि अशा पाण्यावर पिकलेली पालेभाजी कच्ची खाणं हाच खरा जुगार. बाजारातली जुडी कुठल्या पाण्यावरची, हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

तेव्हा देठाकडची माती कापून टाका, जुडी सोडून पानं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मुलांसाठी सांबार उकळत्या वरणात टाका, वरून भुरभुरू नका. मुळा-गाजर सोलून द्या. मोठ्यांनी पोह्यांवर काय घ्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, मी तर सोडणार नाही.

आणि एक राहिलं. परत आल्या-आल्या शौचाची तपासणी करू नका. अंडी गिळल्यापासून अळी फुप्फुसातून फिरून आतड्यात येते, मोठी होते, मग अंडी घालते. यात दोन-तीन महिने जातात. आधीची तपासणी स्वच्छ आली तरी तिला अर्थ नाही. मधल्या काळात खोकला झाला तर डॉक्टरांना प्रवासाचं सांगा. पोट फुगून उलट्या होत असतील तर मात्र वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

– काका

---

काका, आभार. धाकटीची डॉक्टरांची वेळ सप्टेंबरऐवजी नोव्हेंबरअखेरीची मागून घेतली. वहिनीला सांबाराचं कळवलं, तर ती म्हणे, "वरणात टाकला तर वास काय उरतो?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.