चार वर्षांचं लेकरू उपासनेत बसत नाही, त्याला सामील कसं करून घ्यायचं?

सदरची आई
सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) चर्चचे, नागपूर. मोठा चार वर्षांचा, लहानी दोनची. नवरा क्वायरमध्ये, म्हणून दोघांनाही मीच सांभाळते. पहिलं गीत होईस्तोवर ठीक असतं, मग मोठा बाकाखाली शिरतो, भर प्रार्थनेत जोरात विचारतो "झालं का आमेन?", लहानी ओढणी ओढून राहते, पुढच्या मावशी वळून वळून पाहतात, आणि मग अर्धी उपासना माझी व्हरांड्यात. संडे स्कूल आमच्याकडे उपासनेनंतर भरते. कोणी म्हणते मोबाइल दे, ते मला चर्चमध्ये नको वाटते. कोणी म्हणते शाळेत जाईपर्यंत घरीच राहा. मला त्यानं नुसतं चूप बसावं असं नाही आहे, त्यानं खरंच भाग घ्यावा असं वाटते. तुम्ही लोकं काय करता?

संडे स्कूल टीचर
ताई, घरी नका राहू. आधी बसायची जागा बदला. मागून लेकराला लोकांच्या पाठीच दिसतात, मग तो बाकाखाली नाही जाणार तर काय करणार? अगदी पुढे बसा, म्हणजे त्याला पाळकसाहेब दिसतील, मेणबत्त्या दिसतील, बाबा गाताना दिसतील.

दुसरं म्हणजे उपासनेचा क्रम दर रविवारी जवळपास तोच असतो आणि हे लहान लेकरांच्या फायद्याचंच आहे, वाचता येत नसलं तरी ऐकून ऐकून पाठ होते. प्रभूची प्रार्थना रोज झोपताना म्हणा, हळूहळू, त्याला शेवटचा शब्द म्हणू द्या. चर्चमध्ये सगळी मंडळी तेच म्हणायला लागली की तो आपोआप सूर लावतो, मी कितीतरी लेकरांचं पाहिलं आहे. गीताचंही तसंच. रविवारी कोणती गीतं आहेत हे तुमच्या घरात आधीच माहीत असते, त्यातल्या एकाचं फक्त ध्रुवपद शिकवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनाच्या चालीची गीतं लेकरं लवकर उचलतात, टाळ्यांवर म्हणता येतात ना (टिळक काही काळ आपल्या नागपुरातच होते, हे पण सांगा त्याला मोठा झाल्यावर). आणि दानाचं नाणं निघतानाच त्याच्या मुठीत द्या, थैली येईपर्यंत ते सांभाळणं हे त्याचं काम.

मोहननगरकर
आम्ही कॅथलिक, आमचं थोडं वेगळं. मिस्सात (म्हणजे आमच्या उपासनेत) उठणं-बसणं-गुडघे टेकणं भरपूर, त्यामुळे लेकरांच्या अंगाला काम मिळते. दारात पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण माझी तीन वर्षांची पोरगी स्वतः करते, उलटसुलट होते पण करते, मी हात धरून सुधरवत नाही. मुलांच्या मिस्साबद्दल व्हॅटिकनची 1973 ची मार्गदर्शिका आहे, त्यात वाचनांच्या वेळी लेकरांना वेगळ्या खोलीत नेऊन त्यांच्या भाषेत वचन सांगायची मुभा दिली आहे, मग अर्पणाच्या आधी ती परत येतात. तुमच्या पाळकांना विचारून पाहा, उपदेशापुरतं असं काही जमते का.

दोन पोरांचा बाप
दोन वर्षांच्या पोरीकडून फार अपेक्षा नका ठेवू जी. ती रडली तर बाहेर न्या, शांत झाली की लगेच आत आणा, बाहेर खेळू दिलं तर तिला कळते की रडलं की खेळायला मिळते. मोठ्याला उपदेशाच्या वेळी कोरा कागद आणि खडू द्या, आज वाचलं त्यातलं काही काढ म्हणा. आमच्या मोठ्यानं झावळ्यांच्या रविवारी (येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला ती आठवण) गाढव काढलं होतं, पाच पायांचं, घरी येऊन सगळी गोष्ट आजीला सांगितली. म्हणजे कान उघडेच होते! खाऊ द्यायचाच तर डब्यात मुरमुरे, चुरचुर वाजणारं पाकीट नको. आणि मे महिन्यात पाण्याची बाटली विसरू नका, अर्धी किरकिर तहानेचीच असते.

गड्डीगोदामचे आजोबा
बेटा, मावशींच्या पाहण्याचं मनावर घेऊ नकोस. मार्कच्या 10व्या अध्यायात शिष्य लेकरं आणणाऱ्यांना दटावतात, आणि प्रभू रागावतो तो शिष्यांवर. हे मंडळीला सांगायचं काम पाळकांचं आणि आम्हा वडीलधाऱ्यांचं आहे, तुझं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला इथे नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली तेव्हा मी लहान होतो, वडिलांनी नेलं होतं. कोण काय बोललं ते एक अक्षर आठवत नाही. पण एवढी माणसं एकदम उभी राहून गायली ते अजून अंगात आहे. लेकराला सगळं समजलंच पाहिजे असं काहून? त्यानं तिथे असलं पाहिजे. मी पुढेच बसतो, लहानीला माझ्याजवळ दिलं तरी चालेल.

सदरची आई
आजोबा, वाचून डोळे भरून आले. येत्या रविवारी पुढे बसतो आम्ही. अजून एक, प्रभुभोजनाच्या वेळी सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जातात आणि मोठा "मला काहून नाही" म्हणून रडते. त्याला नेऊ का सोबत?

संडे स्कूल टीचर
न्या ना, नक्की न्या. आपल्याकडे भाकर आणि द्राक्षारस सहसा दृढीकरणानंतरच (मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करायचा विधी), कॅथलिक लोकांत साधारण सातव्या वर्षी, 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी वय खाली आणलं तेव्हापासून. पण लहान्यांना आशीर्वाद मिळतोच. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा. तुमच्या बाजूला गुडघ्यावर बसवा, हात छातीशी जोडायला शिकवा, ते डोक्यावर हात ठेवून त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतील. घरी एकदा करून दाखवा म्हणजे तिथे घाबरणार नाही.